गादी हुकलेल्या राजपुत्राची बाग

"एवढ्या लांब आलो आणि पहिल्यांदा दाखवलं काय, तर झाड. तेही वाटेत आडवं."

बाबा मराठीत बोलले म्हणून बरं. आमच्या गटात आम्हा दोघांखेरीज ते कुणालाच कळलं नाही. डिसेंबरची सकाळ होती, हवेत चांगलाच गारवा होता, आणि आम्ही क्योतो शहराच्या पश्चिमेला, कात्सुरा नदीच्या काठावर, 'कात्सुरा रिक्यू'च्या आवारात उभे होतो. रिक्यू म्हणजे राजधानीतल्या मुख्य वाड्यापासून दूर, विसाव्यासाठी बांधलेला राजघराण्याचा वाडा. हा वाडा आणि त्याची बाग साधारण ४०० वर्षांपूर्वीची. जगभरचे आर्किटेक्ट इथं आयुष्यात एकदा तरी यायचं म्हणून येतात.

आणि समोर खरंच एक झाड होतं. जमिनीची एक चिंचोळी पट्टी तळ्यात शिरलेली, दोन्ही बाजूंना कातरलेलं कुंपण, आणि पट्टीच्या अगदी टोकाला एक ठेंगणा पाइन. त्याच्यामागे पाणी चमकत होतं, म्हणजे तळं तिथंच होतं. पण पाइनमुळे ते दिसत नव्हतं. या झाडाचं नाव सुमियोशीचा पाइन, पण त्याचं दुसरं नाव जास्त खरं आहे : आडपडद्याचा पाइन. तळं आत्ताच दिसू नये म्हणून ते मुद्दाम तिथं लावलेलं आहे.

"का?" बाबांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर एका माणसाची गोष्ट सांगावी लागते. ती मी त्यांना येताना ट्रेनमध्ये सांगितली होती, पण बाबांना गोष्टी साइटवर गेल्याशिवाय पटत नाहीत.

*

आधी बाबांविषयी. बाबा मे महिन्यात निवृत्त झाले. पाटबंधारे खात्यात ३६ वर्षं आरेखक. धरणं, कालवे, पाटचाऱ्या यांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलं. आधी ट्रेसिंग कापडावर, मग कागदावर, शेवटची काही वर्षं कुरकुरत कॉम्प्युटरवर. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत त्यांनी साताऱ्याच्या घरातले सगळे नळ बदलले, मग शेजाऱ्यांचे दोन. शेवटी आईच म्हणाली, "जा, जरा लेकीकडे जाऊन या." मी ओसाकात नोकरी करते. बाबा आले, आणि तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून परतले तर विचारतात, "मला इथं काही काम आहे का गं?"

हसत विचारलं होतं. पण ते हसू मला आवडलं नाही.

म्हणून मी कात्सुराचा अर्ज भरला. ही बाग राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या ताब्यात आहे. तिकीट काढलं आणि शिरलं, असं इथं चालत नाही. वेळ आधी ठरवून घ्यायची, ओळखपत्र दाखवायचं, १००० येन भरायचे. मग ठरावीक माणसांचा गट, पुढे वाटाड्या, मागे एक रखवालदार, आणि साधारण तासाभराची फेरी. वाट सोडायची नाही. इमारतींच्या आत जायचं नाही.

"म्हणजे व्हीआयपी दौऱ्यासारखंच," बाबा म्हणाले. "फक्त व्हीआयपी कुणीच नाही."

*

कात्सुराची बाग 'कैयू-शिकी' प्रकारची आहे. म्हणजे एका जागी बसून बघायची नाही, फेरी मारत बघायची बाग. पुण्यात राहिलेल्यांना हा प्रकार ठाऊक असतो, फक्त नाव ठाऊक नसतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामा शहरातल्या कोराकुएन या अशाच फेरीच्या बागेवर बेतलेलं आहे. जपानी शिकत होते तेव्हा आम्ही मैत्रिणी तिथं कांजीची उजळणी करायला जायचो. मध्ये पाणी, भोवती वळत जाणारी वाट, छोटे पूल, टेकाड. त्या वेळी मला वाटायचं, ही बाग म्हणजे मोठं हिरवं मैदान आणि एक तळं. वाटेला अर्थ असतो, हे मला जपानात येऊन कळलं.

पुण्याच्या बागेचा तो मूळ नमुना, कोराकुएन, १७०० साली पूर्ण झाला. तो एका सरंजामदाराने बांधला. मोकळा, ऐसपैस, सत्ता हातात असलेल्या माणसाचा. कात्सुरा त्याच्याहून बरंच जुनं, आणि ते बांधणाऱ्याच्या हातात सत्ता नव्हती. दोनदा ती त्याच्या हाताशी आली आणि दोनदा निसटली. माझ्या मते सगळ्या बागेची किल्ली इथं आहे.

*

त्याचं नाव तोशिहितो. जन्म १५७९. सम्राट गो-योझेईचा हा धाकटा भाऊ. त्या काळी जपानचा सम्राट क्योतोत असे, त्याला मान मोठा, पण राज्य चालवायचं ते ज्याच्याकडे सैन्य असेल त्याने.

"छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पुण्यात," बाबांनी ट्रेनमध्ये लगेच जुळवून टाकलं. अगदी तसंच नाही, पण समजायला पुरेसं आहे.

तोशिहितो लहान असताना हा कारभार तोयोतोमी हिदेयोशीच्या हातात होता. सामान्य घरात जन्मून सगळ्या जपानचा धनी झालेला माणूस. पण मूल नव्हतं. त्याने सम्राटाच्या या धाकट्या भावाला दत्तक घेतलं. पोरगा एकदम देशातल्या सगळ्यात बलाढ्य माणसाचा मुलगा झाला. मग १५८९ मध्ये हिदेयोशीला स्वतःचा मुलगा झाला आणि दत्तकविधान मोडलं. तोशिहितो तेव्हा दहा वर्षांचा होता. भरपाई म्हणून त्याला 'हाचिजो' नावाचं स्वतंत्र घराणं आणि ३००० कोकूंचं उत्पन्न मिळालं. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. हिदेयोशीचा तो मुलगा दोन वर्षांतच वारला. तोशिहितोला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

दुसरी वेळ १५९८ ची. हिदेयोशी त्याच वर्षी वारला. सम्राट गो-योझेई आजारी होता आणि त्याने गादी सोडून ती धाकट्या भावाला द्यायचं मनात आणलं. तोशिहितो १९ वर्षांचा. पण आता वर येत होता तोकुगावा इएयासू. हिदेयोशीच्या एके काळच्या दत्तक मुलाने गादीवर बसणं त्याला परवडणारं नव्हतं. विरोध झाला, बेत बारगळला. पुढे १६११ मध्ये गादी गेली ती गो-योझेईच्या मुलाकडे, म्हणजे तोशिहितोच्या पुतण्याकडे. त्याचं नाव गो-मिझुनोओ. हे नाव लक्षात ठेवा, ते शेवटी परत येणार आहे.

या दोन पराभवांनंतरचा एक विलक्षण प्रसंग आहे. तोशिहितो कविता शिकत होता, होसोकावा यूसाई नावाच्या म्हाताऱ्या सरदाराकडे. 'कोकिनशू' हा दहाव्या शतकातला कवितासंग्रह. त्याचा अर्थ लावण्याची एक गुप्त परंपरा होती, गुरूने शिष्याला सांगायची. यूसाईजवळ ती होती आणि त्याने ती तोशिहितोला द्यायला सुरुवात केली होती. शिकवणी अर्ध्यात असताना १६०० साल उजाडलं. यूसाई आपल्या तानाबेच्या किल्ल्यात सुमारे ५०० माणसांनिशी अडकला, बाहेर १५,००० चं सैन्य. यूसाई मेला तर परंपरा संपणार. तेव्हा तोशिहितोने मध्यस्थी केली, दरबार हलला, आणि सम्राटाच्या हुकुमाने वेढा उठला. तोवर जवळपास दोन महिने गेले होते. आणि त्याच सुमारास सेकिगाहारा इथं जपानचं पुढचं अडीचशे वर्षांचं भवितव्य ठरवणारी लढाई झाली, जिंकली तोकुगावा इएयासूने. तानाबेत अडकून पडलेलं विरोधी सैन्य तिथं पोचूच शकलं नाही.

गंमत बघा. कवितेच्या अर्थासाठी उठवलेला वेढा, आणि त्याचा फायदा झाला तो गादी नाकारणाऱ्यालाच.

१६१५ मध्ये इएयासूने हिदेयोशीच्या घराण्याचा शेवट केला. ओसाकाचा किल्ला पडला; आज तो माझ्या ऑफिसपासून मेट्रोने दहा मिनिटांवर आहे. त्याच वर्षी तोकुगावा सरकारने सम्राट आणि दरबारी घराण्यांसाठी १७ कलमांचा कायदा काढला. पहिलं कलम : सम्राटाने विद्येकडे लक्ष द्यावं. वाचायला किती छान! अर्थ असा, की बाकी कशाकडे लक्ष देऊ नये.

हे ऐकून बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "पगार चालू, पण टेबलावर फाइल येणार नाही."

तोशिहितो तेव्हा ३६ वर्षांचा होता.

*

त्यानंतरच्या वर्षांत त्याने कात्सुरा गावात बांधकाम काढलं. ही जागा त्याने उगीच निवडलेली नाही. अकराव्या शतकात मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या 'गेंजी मोनोगातारी'त नायकाचा एक वाडा याच कात्सुरात आहे. शिवाय चंद्रावर कात्सुराचं झाड आहे, अशी चीनमधून आलेली जुनी कल्पना. त्यामुळे हे गाव म्हणजे चंद्र बघायची जागा. ज्याने आयुष्य जुन्या पुस्तकांत घालवलं, त्याच्यासाठी कात्सुरा आधीच लिहून ठेवलेलं गाव होतं. पण गावातले लोक पिकवायचे खरबुजं. तोशिहितो स्वतः आपल्या वाड्याचा उल्लेख खरबुजाच्या मळ्यातलं साधं चहाघर असा करायचा.

आम्ही चालायला लागलो. वाट मऊ, दोन्हीकडे शेवाळ, मेपलची शेवटची लाल पानं. मग विसाव्याचं एक छोटं छप्पर लागलं. चहाचं बोलावणं येईपर्यंत पाहुण्यांनी इथं बाकावर बसायचं. बाकासमोर एका टेकाडावर पेंढ्यात गुंडाळलेली बुटकी बुटकी माणसं उभी असल्यासारखं काहीतरी होतं.

"हे काय?"

वाटाड्याने सांगितलं, मी भाषांतर केलं. दक्षिणेतून आलेली झाडं, क्योतोची थंडी सोसत नाहीत, म्हणून हिवाळ्यात पेंढ्याचे कपडे. बाबांनी वाकून एका फटीतून पान बघितलं आणि खुदकन हसले. "अगं, हा सायकस! आमच्या ऑफिसच्या गेटवर दोन होते." साताऱ्यातल्या सरकारी कचेरीचा सायकस ४०० वर्षांपूर्वीच्या क्योतोत किती अपूर्वाईचा असेल, याची मला तेव्हा कल्पना आली. दूर दक्षिणेच्या शिमाझू सरदारांकडून ती भेट आली, असं सांगतात.

पुढे पायदगड सुरू झाले. प्रत्येक दगड वेगळ्या आकाराचा, अंतरं सारखी नाहीत. खाली बघूनच चालावं लागतं. बाबांचे गुडघे फार चांगले नाहीत, त्यामुळे ते फारच लक्ष देऊन चालत होते. चार-पाच वळणांनंतर ते थांबले आणि मला हाताने थांबवलं.

"हा दगड बघ. बाकीच्यांच्या दुप्पट आहे आणि सपाट आहे."

"मग?"

"मग काय. इथं पाय स्थिर होतो. पाय स्थिर झाला की माणूस मान वर करतो. बघ वर."

मी वर बघितलं. समोर तळं होतं. पूर्ण नव्हे, त्याचा एक कोपरा. गोट्यांची एक जीभ पाण्यात शिरलेली, तिच्या टोकाला एक छोटा दगडी दिवा, आणि पलीकडे दगडी पुलाने जोडलेली बेटं. जपानच्या उत्तर किनाऱ्यावर आमानोहाशिदाते नावाची पाइनच्या झाडांनी भरलेली वाळूची प्रसिद्ध पट्टी आहे. ही तिची आठवण. तो किनारा तांगो प्रांतातला, आणि तोशिहितोची बायको तांगोच्या सरदाराची मुलगी. बायकोचं माहेर त्याने तळ्यात आणून ठेवलं होतं.

त्यानंतर बाबांनी माझं भाषांतर ऐकणं सोडून दिलं. ते दगड वाचत होते. इथं लहान दगड, म्हणजे खाली बघ. इथं मोठा, म्हणजे थांब. इथं वळण, म्हणजे मघाचं दृश्य गेलं, विसर. कुठे एका बाजूच्या दगडावर काळ्या दोरीने बांधलेला मुठीएवढा गोटा ठेवलेला, म्हणजे इकडे येऊ नको. पाटी नाही, साखळी नाही. एक गोटा.

सुमारे ६ मीटर लांबीच्या एकाच अखंड दगडाचा पूल ओलांडला की शोकिन्तेई नावाचं चहाघर येतं. गवती छप्पर, मातीच्या भिंती. एखादं खेड्यातलं घर वाटावं असं. आणि आत डोकावलं की कोनाड्याच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चौकटींचा बुद्धिबळाच्या पटासारखा कागद. इतका ठसठशीत, की काल कुणी डिझायनरने चिकटवला असं वाटावं. आमच्या गटातल्या कॉलेजच्या दोन मुली एकदम "ओ!" म्हणाल्या. फेरीत पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने बोललं.

*

या कागदाची एक वेगळी गोष्ट आहे आणि ती सांगितली नाही तर हा लेख खोटा होईल.

तोशिहितो १६२९ मध्ये गेला. मुलगा तोशितादा तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. वाडा ओस पडला. ३००० कोकूंत असली बाग सांभाळणं सोपं नव्हतं. मग १६४२ मध्ये तोशितादाचं लग्न झालं, कागा प्रांताच्या माएदा घराण्यातल्या मुलीशी. माएदांचं उत्पन्न १० लाख कोकूंहून जास्त. तोकुगावांच्या खालोखाल जपानमधलं सगळ्यात श्रीमंत सरदारघराणं. त्यानंतर कात्सुराचं रूप पालटलं. आज आपण बघतो ती बरीचशी चहाघरं, वाड्याचा वाढवलेला भाग, हे सगळं तोशितादाच्या काळातलं. शोकिन्तेईतला तो निळा-पांढरा कागदही कागाचाच.

म्हणजे जगाने ज्या साधेपणासाठी कात्सुराला डोक्यावर घेतलं, तो साधेपणा स्वस्त नव्हता. वाड्याच्या नव्या भागात जपानबाहेरून आणलेल्या मौल्यवान लाकडांची एक फडताळवजा मांडणी आहे. सरकत्या दारांच्या मुठी चंद्राच्या अक्षराच्या आकाराच्या, खिळ्यांवर नार्सिससच्या फुलासारखी धातूची टोपणं. आपल्याला आत सोडत नाहीत म्हणून हे दिसत नाही. लांबून दिसतो तो फक्त लाकूड, कागद आणि सावलीचा खेळ.

याच खेळाने ४ मे १९३३ रोजी एक जर्मन माणूस भारावला. ब्रूनो टाउट हा नावाजलेला आर्किटेक्ट. बर्लिनमध्ये कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधलेला. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याला देश सोडावा लागला. जपानात उतरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी यजमानांनी त्याला कात्सुराला आणलं. त्या दिवशी त्याचा ५३ वा वाढदिवस होता. पुढे त्याने लिहून, बोलून एक जोडी लोकांच्या डोक्यात पक्की केली : एका बाजूला निक्कोमधलं तोकुगावा इएयासूचं सोनेरी, कोरीवकामाने लडबडलेलं समाधिमंदिर, म्हणजे सत्तेचा बडेजाव, दुसऱ्या बाजूला कात्सुरा, म्हणजे निर्मळ सौंदर्य. आधुनिक आर्किटेक्टना तर हे हवंच होतं. १९५० च्या दशकात इशिमोतो यासुहिरो याने कात्सुराचे कृष्णधवल फोटो काढले. त्यांत छपरांचे उतार बहुतेक चौकटीबाहेर ठेवले. उरल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी रेषा. १९६० मध्ये त्या फोटोंचं पुस्तक आलं, आणि कात्सुरा जणू काचेच्या इमारतींचं पूर्वज ठरलं. पुढे १९७६ ते १९८२ या काळात वाड्याचे भाग उकलून दुरुस्त केले, तेव्हा इशिमोतो पुन्हा आला. या वेळी रंगीत फोटो काढले, आणि त्यांत तो आधी वगळलेला नखरा, ती नक्षी, त्या मुठी दिसल्या. तोच वाडा, तोच माणूस.

टाउट चुकला, असं म्हणून मला मोकळं व्हायचं नाही. जपानातल्या साडेतीन वर्षांत त्याला मोठी इमारत बांधायला मिळालीच नाही. अतामीच्या एका घराचा खालचा मजला तेवढा सजवला. बाकी काळ तो लिहीत होता, दिवे आणि टोपल्यांचे नमुने काढत होता. १९३६ मध्ये तुर्कस्तानला गेला, १९३८ मध्ये तिथंच वारला. काम काढून घेतलेल्या माणसाला, काम काढून घेतलेल्या दुसऱ्या माणसाची बाग भिडली. मला वाटतं, त्याने कात्सुराच्या भिंतींविषयी जे लिहिलं ते अर्धंच खरं असेल, पण त्याच्या डोळ्यांत जे पाणी आलं असेल ते खरं असणार.

*

वाटेच्या शेवटाकडे मुख्य वाडा येतो. जुना भाग, मधला भाग, नवा भाग. प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मागे सरकलेला, उडणाऱ्या हंसांच्या रांगेसारखा. समोर हिरवळ. जुन्या भागाबाहेर तळ्याकडे तोंड करून बांबूचा एक ओटा आहे. तो फक्त चंद्र बघण्यासाठी. त्यांची चांद्र आठव्या महिन्याची पौर्णिमा कधी आपल्या कोजागिरीलाच येते, बहुतेकदा महिनाभर आधी. दूध-बिध नाही, पण बाकी सगळं ओळखीचं.

बाबा ओट्याकडे बघतच नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

"जोतं केवढं उंच घेतलंय बघ. आणि खाली मोकळं सोडलंय. इथं नदी शिरते." मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढचं सांगितलं. "येताना रस्त्याच्या कडेला जिवंत बांबू वाकवून विणलेलं कुंपण होतं ना, ते सौंदर्यासाठी नाही. पूर आला की पाणी त्यातून आत येईल, पण जोर मोडेल. ओंडके, काटक्या, गाळ बाहेर अडकेल. भिंत बांधली असती तर फुटली असती."

मी वाटाड्याला विचारलं. त्याने मान डोलावली आणि बाबांकडे बघून थोडा जास्तच वाकला. "पाण्याचं काम करता का?" त्याने विचारलं.

"करायचो," मी भाषांतर केलं.

बाबांनी मला दुरुस्त केलं. "करतो म्हण."

वाड्याजवळच्या शोइकेन या चहाघराच्या मागे भाताची खाचरं आहेत. आजही ती कसली जातात. राजपुत्राला खिडकीतून शेतं दिसावीत अशी ती रचना. मळा विसरायचा नाही, बहुधा म्हणून. शेतकऱ्याला खिडकीतून काय दिसत असेल, हे मात्र कुठल्या फोटोत नाही.

आणि गो-मिझुनोओ? तोशिहितोला न मिळालेल्या गादीवर बसलेला पुतण्या. त्याचंही तोकुगावांशी पटलं नाही, आणि १६२९ मध्ये, म्हणजे तोशिहितो गेला त्याच वर्षी, त्याने रागाने गादी सोडली. पुढे निवृत्त सम्राट म्हणून तो कात्सुराला आला; १६५८ मध्ये आणि पुन्हा १६६३ मध्ये. इकडे पुण्यात लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली, ते हेच १६६३ साल. त्याने काकाच्या बागेत फेरी मारली असेल, दगडांवर खाली बघत, मोठ्या दगडावर थांबत. सम्राट असो वा आरेखक, इथं मान कधी वर करायची हे तोशिहितो ठरवतो. ज्याला देशात कुठे हुकूम सोडता आला नाही, त्याने तो इथं सोडला, आणि तो आजही चालतो.

ही बाग कोबोरी एन्शू या त्या काळच्या थोर बागकाराने बांधली, अशी एक दंतकथा होती. त्याने म्हणे तीन अटी घातल्या : खर्चाला मर्यादा नको, घाई नको, पूर्ण होईपर्यंत बघायला येऊ नका. अभ्यासक आता हे मानत नाहीत. मला वाटतं, दंतकथा तयार होण्याचं कारण उघड आहे. रिकाम्या बसवलेल्या एका राजपुत्राने आणि त्याच्या मुलाने हे केलं असेल, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता.

*

फेरी संपली. बाहेर पडताना पुन्हा तो आडपडद्याचा पाइन लागला. या वेळी बाबा काही बोलले नाहीत. झाडाच्या दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं, आणि हसले.

ट्रेनमध्ये त्यांनी माझ्याकडे वही मागितली. घरी पोचेपर्यंत आणि पोचल्यावर जेवणाच्या टेबलावर रात्री अकरापर्यंत ते बागेचा नकाशा काढत होते. ३६ वर्षांचा हात. एकदा फिरून आलेली जागा कागदावर उतरवणं त्यांच्यासाठी रोजचं काम. पाइन बसला, सायकसचं टेकाड बसलं, दगडी पूल बसला. तळं बसेना. त्याचा काठ कुठेच जुळत नव्हता. चार वेळा खोडलं.

"अगं, एका जागेवरून त्याने ते पूर्ण दाखवलंच नाही," शेवटी म्हणाले. "जिथे उभं राहावं तिथून एक तुकडा. मी सगळे तुकडे जोडतोय आणि तळं मोठंच होत चाललंय."

मी म्हटलं, "बाबा, नेटवर नकाशा आहे. सॅटेलाइटचा. दाखवू?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आडवं आलेल्या झाडाकडे बघावं तसं.

"नको," म्हणाले. "पुढच्या आठवड्याची वेळ मिळते का बघ. परत जाऊ. आणि या वेळी मोजपट्टी घेऊ बरोबर."

मी म्हटलं, रखवालदार मोजू देणार नाही.

"पावलं मोजायला कोण अडवतंय?" असं म्हणून बाबांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.